इलेक्ट्रिक ब्लँकेट खराब नव्हतं, तरी टाच भाजली: एका आजींचं पूर्ण प्रकरण

प्रकरण निफाड तालुक्यातलं आहे. घरच्यांनी लिहायला परवानगी दिलीये पण नाव-गाव नको म्हणाले, म्हणून नुसतं आजी, सूनबाई आणि मुलगा असंच म्हणते. आजींचं वय ७१, डायबेटिस १८ वर्षांपासून, सकाळच्या गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन, बीपीची एक गोळी, गुडघे दुखतात पण काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. जानेवारीतल्या एका सकाळी सूनबाई त्यांच्या पायात मोजे घालायला गेल्या तर उजव्या टाचेला दहा रुपयांच्या नाण्याएवढा फोड, आणि करंगळीच्या मुळाशी अजून एक छोटा. आजींना पत्ताच नव्हता. दुखत नव्हतं, रात्री झोप छान लागली होती, उलट कितीतरी दिवसांनी पाय जरा उबदार वाटले असं त्या म्हणाल्या.

मी डायबेटिसच्या जखमांचं ड्रेसिंग घरी जाऊन करते, म्हणून मला फोन आला. पोचले तोवर शेजारच्या काकूंनी फोडावर हळद आणि टूथपेस्ट दोन्ही लावून ठेवलं होतं. ते अलगद धुवून काढलं आणि फोड न फोडता झाकून लगेच डॉक्टरांकडे नेलं. भाजल्या भाजल्या नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं सोडलं तर फायदा होतो, तीन तासांच्या आत केलं तरी होतो, बर्फ मात्र नाही. पण इथे नेमकं कधी भाजलं हेच कुणाला माहीत नव्हतं, रात्रभरात केव्हातरी, त्यामुळे ती वेळ हातातून गेलेली होती.

आजी रात्री इलेक्ट्रिक ब्लँकेटवर झोपायच्या, म्हणजे आत तापणारी तार असलेलं, अंगाखाली अंथरायचं. घरात एकच चर्चा चालू होती की ते ब्लँकेट डुप्लिकेट निघालं. पुण्याच्या लेकीने ऑनलाइन मागवलेलं, आईला थंडी सोसत नाही म्हणून, अगदी मनापासून. मुलाने रागाने ते अंगणात फेकलेलं आणि आता शॉक बसला का, आत वायर तुटली का, तक्रार कुठे करायची, असं सगळं एकदम. मी म्हटलं दादा, ते जाळू-बिळू नका, आत आणा आणि वहिनी, तुम्ही रोज रात्री जसं अंथरता तसंच्या तसं अंथरून दाखवा. याचं मोल मला फार वाटतं. भाजलेला पाय आपण बघतोच, पण ज्या अंथरुणात तो भाजला ते अंथरूण जसंच्या तसं कोणी बघत नाही, आणि खरं कारण तिथेच असतं.

आता तिकडची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना वाटेल महाराष्ट्रात कशाला लागतं इलेक्ट्रिक ब्लँकेट. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहाच्याही खाली जातो, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या करून धूर करावा लागतो नाहीतर मणी तडकतात. घरं मात्र उन्हाळ्याच्या हिशोबाने बांधलेली, वर पत्रे, शहाबादी फरशी, खिडकीच्या फटीतून वारा येतोच. मुलगा रात्री बागेत असायचा कारण पंपाला लाईट रात्रीची. म्हणजे आजींच्या खोलीत रात्री कोणी डोकावून जाईल अशी सोय नव्हती, सून बिचारी दिवसभर राबून लेकराला घेऊन आतल्या खोलीत झोपलेली.

सूनबाईंनी अंथरून दाखवलं ते असं. ब्लँकेट डबल बेडचं, साधारण १५० बाय १६० सेंटीमीटर, आणि आजी झोपतात तो दिवाण तीन फूट रुंद, उजवीकडे भिंतीला लावलेला. मग उरलेलं दोनेक फूट काय करायचं, तर भिंतीच्या बाजूने खाली दुमडायचं. आणि आजींचे पाय गार पडतात म्हणून पायाकडचा भाग अजून एकदा वर उलटवून त्या घडीवर पाय ठेवायचे. पाठीखाली ब्लँकेटवर गोधडी, पण ती लांबीला अपुरी, त्यामुळे पायाखाली फक्त पातळ चादर. अंगावर रजई आणि तिच्यावर अजून एक गोधडी, पायाकडून नीट खोचलेली. कंट्रोलर, म्हणजे उष्णता कमी-जास्त करायचं बटण, तीनवर. आणि हे सगळं रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत.

म्हणजे बघा, पायाकडच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात ब्लँकेटचे चार थर झाले. आजी उताण्या झोपतात, उजवा पाय भिंतीकडे. भाजलं कुठे, तर उजव्याच टाचेला. डाव्या पायाला नुसती लाली होती, ती दोन दिवसांत गेली.

हिशोब अवघड नाहीये. ब्लँकेटच्या लेबलवर १२० वॅट लिहिलेलं. क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर, म्हणजे सपाट अंथरलं तर एका चौरस मीटरला ५० वॅट. दोन थर झाले की १००, चार झाले की २००. आणि ही उष्णता बाहेर जायला वाट पाहिजे, ती वरून रजई-गोधडीने आणि खालून गादीने बंद. माझ्याकडे पायाच्या कातडीचं तापमान बघायचा इन्फ्रारेड थर्मामीटर असतो (डायबेटिसमध्ये दोन पायांच्या तापमानातला फरक बघायला वापरतात, एक पाय दोन-सव्वादोन डिग्रीने जास्त गरम असेल तर आत काहीतरी चाललंय असं धरतात), तो पृष्ठभागावर चालतो. दीड तास तसंच चालू ठेवून रजई उचलल्या उचलल्या मोजलं. मधल्या सपाट भागात ३९, पायाकडच्या कोपऱ्यात ४७.

४७ म्हणजे काय, हात लावून पाहिलं तर चटका बसत नाही. मुलाने हात ठेवला आणि म्हणाला, एवढंच? याने कसं भाजेल? आणि नेमका हाच गैरसमज घरोघरी आहे. भाजणं म्हणजे तवा, उकळतं पाणी, जाळ, असंच आपल्या डोक्यात असतं. पण कातडीला तापमान जेवढं महत्त्वाचं तेवढाच वेळ महत्त्वाचा. हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी यावर १९४७ साली प्रसिद्ध केलेलं काम आजही आधाराला घेतात. ४४ डिग्रीला कातडी साधारण सहा तासांत कायमची जखमी होते, आणि तिथून पुढे ५१ पर्यंत प्रत्येक डिग्रीला तो वेळ जवळपास निम्मा होत जातो. म्हणजे ४५ ला तीन तास, ४६ ला दीड, ४७ ला पाऊण तास. आजींची टाच तिथे रात्रभरात कितीतरी तास होती. धडधाकट माणसाला हे होत नाही कारण झोपेतही पाय टोचायला लागतो, तो पाय काढून घेतो, कूस बदलतो. शिवाय रक्त फिरत असतं ते उष्णता घेऊन जातं. टाच गादीवर दाबलेली असली की तिथलं रक्तच कमी फिरतं, आणि डायबेटिसमध्ये पायाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतील तर अजूनच कमी.

आता आजींच्या पायाकडे येते, कारण या प्रकरणाचं मूळ माझ्या मते तिथे आहे, ब्लँकेटमध्ये नाही. डॉक्टरांनी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट लावून पाहिला, म्हणजे नायलॉनचा तो बारीक तंतू, तळपायाला टेकवून वाकेपर्यंत दाबतात आणि विचारतात कळलं का. आजींना दोन्ही तळपायांना कुठेच कळलं नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, अंगठ्याला लावला, कंप कळला नाही. पाय असे बधिर होणं काही त्या रात्रीत झालेलं नाही, वर्षानुवर्षं होत आलंय. आणि याची एक फार फसवी खूण असते, अशा पायांना सतत गार वाटतं. कातडी हाताला गरम लागत असते पण माणूस म्हणतो पाय बर्फासारखे पडलेत. मेंदूकडे जाणारी खबरच चुकीची असते.

त्यामुळे काय झालं, पहिले काही दिवस कंट्रोलर एकवर होता. आजी म्हणाल्या पायाला काहीच कळत नाहीये. मग दोनवर. तरी कळेना, म्हणून पायाकडे घडी केली. तरी कळेना, मग तीनवर. घरातल्या प्रत्येकाने प्रेमानेच केलं हे, आणि आजी म्हणतात तसं ऐकून केलं, यात सुनेचा काय दोष, मी तिला तिथेच तसं सांगितलं कारण ती रडायलाच लागली होती. ज्या माणसाला ऊब कळतच नाही त्याला विचारून उष्णता वाढवत गेलं की थांबायची जागाच येत नाही.

एक खूण मात्र आधीपासून दिसत होती. आजींच्या दोन्ही पोटऱ्यांवर मागच्या बाजूला तपकिरी-लालसर जाळीसारखे डाग होते, मासे पकडायच्या जाळ्यासारखी नक्षी. घरच्यांना वाटलं थंडीने कातडी फुटलीये, खोबरेल तेल लावत होते. अशी जाळी पुन्हा पुन्हा मध्यम उष्णता एकाच जागी बसली की उमटते, चुलीपुढे रोज तासन् तास बसणाऱ्या बायकांच्या नडगीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करणाऱ्यांच्या मांडीवर, हीटिंग पॅड रोज लावणाऱ्यांच्या कमरेवर पण दिसते. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. घरात कोणी असं ब्लँकेट किंवा पॅड वापरत असेल तर आठवड्यातून एकदा उजेडात त्यांच्या पोटऱ्या, टाचा, कंबर, मागची बाजू बघाच. जाळी दिसली तर उष्णता त्याच दिवशी बंद.

मुलाने विचारलं की ओव्हरहीट प्रोटेक्शन असं खोक्यावर मोठ्ठं लिहिलंय, मग ते का नाही चाललं. बरोबर प्रश्न आहे. चांगल्या ब्लँकेटमध्ये तापणाऱ्या तारेबरोबर दुसरी एक सेन्सरची तार असते, दोघींच्या मध्ये प्लास्टिकचा असा थर की कुठेही जास्त तापलं तर कंट्रोलरला कळतं आणि सप्लाय तुटतो. स्वस्तातल्यात किंवा जुन्यात नुसते छोटे थर्मोस्टॅट असतात ठरावीक जागी, ते जिथे आहेत तिथलंच त्यांना कळणार. पण दोन्हींचं काम आग लागू न देणं, वायर आणि कापड वाचवणं. ४७ डिग्री हे कापडासाठी काहीच नाही, ते प्रोटेक्शन त्याच्या कितीतरी वर जागं होतं. बधिर टाचेची काळजी घ्यायला ते बनवलेलंच नाही.

ब्लँकेटच्या कोपऱ्याला शिवलेल्या लेबलवर सगळं होतं तसं. सेफ्टी पिन लावू नका याचं चित्र, दुमडू नका याचं चित्र, तीन वर्षांखालच्या मुलांना नको याचं चित्र. आतल्या इंग्रजी कागदावर हेही होतं की ज्यांना उष्णता जाणवत नाही त्यांनी वापरू नये. या वस्तूंसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६०३३५-२-१७, त्यातच अशा सूचना छापाव्या लागतात, म्हणून बऱ्याच ब्लँकेटवर त्या सापडतात. पण कागद इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि तो खोक्यातच राहिलेला. लेकीने पुण्याहून ऑर्डर केली, खोकं उघडलं निफाडला सुनेने, आणि डायबेटिसच्या पायाचं काय ते माहीत होतं फक्त डॉक्टरांना. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्याच नाहीत. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, आई-वडिलांसाठी मागवताना आधी त्यांच्या डॉक्टरांना एक फोन करा की पायाची संवेदना तपासलीये का.

दुसऱ्या दिवशी गावातल्या वायरमन दादांना बोलावलं, कारण मला अंथरुणाखालचं एक्स्टेंशन बोर्ड बघून धडकी भरली होती. ब्लँकेटचा प्लग वेगळ्या पद्धतीचा दोन पिनांचा, आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही, म्हणून बाजारातला दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर लावलेला, तो ढिला, आणि बोर्ड दिवाणाखाली गोधड्यांच्या गठ्ठ्यात. कन्व्हर्टर काढला तर एक पिन काळी पडलेली, प्लास्टिक पिवळं होऊन वाकलेलं. भाजण्याशी याचा संबंध नव्हता पण आग लागली असती तर ती इथून लागली असती, ब्लँकेटमधून नाही. मुलाला वाटत होतं की काही झालं तर एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडेल. तर १२० वॅटचं ब्लँकेट २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपियर घेतं, एमसीबी १६ अँपियरचा, ढिल्या पिनेत ठिणग्या उडत राहिल्या तरी त्याला काही कळत नाही. त्याला शॉर्ट कळतो, ओव्हरलोड कळतो.

दादांनी मीटर लावून अजून एक दाखवलं, आजूबाजूचे पंप बंद झाले की व्होल्टेज २५० च्या आसपास चढत होतं. तापणारी तार असेल तर व्होल्टेज वाढलं की वॅट त्याच्या वर्गाच्या हिशोबात वाढतात, म्हणजे २३० चं २५० झालं की साधारण १८ टक्के जास्त. या ब्लँकेटच्या कंट्रोलरला नुसतं सरकवायचं बटण, टायमर नाही, लाईट जाऊन आली तरी जिथे होतं तिथूनच पुन्हा तापायला सुरुवात.

घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच, नव्हता. आजी रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, कधी उठेपर्यंत होऊन जाते, हे त्या लाजून सांगत नव्हत्या, सुनेने हळूच सांगितलं. ओलं अंथरूण आणि त्याच्याखाली वीज, हे एकत्र नकोच. ब्लँकेटला अर्थिंगची पिन नसते, डबल इन्सुलेशन असतं (लेबलवर चौकोनात चौकोन असतो ती खूण), पण ते कोरडं आणि धडधाकट असेपर्यंत. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवून घेतला, करंट अंगातून जमिनीकडे जायला लागला तर तो तोडतो, अर्थिंग धड नसलं तरी. हा खर्च ब्लँकेट असो-नसो प्रत्येक जुन्या घराने करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

उपचाराचं थोडक्यात सांगते. धनुर्वाताचं इंजेक्शन, शुगर आटोक्यात आणायला इन्सुलिनचे डोस बदलले, टाचेवर भार येऊ नये म्हणून पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची. करंगळीजवळचा फोड लवकर सुकला. टाचेचा फोड निघाल्यावर खालची कातडी गुलाबी नव्हती, पांढरट आणि कडक होती, दाबलं तरी रंग बदलत नव्हता, म्हणजे खोल गेलेलं. वरून नाण्याएवढं दिसतं म्हणून घरचे निवांत होते, पण अशा हळू भाजलेल्या जखमा वरून छोट्या आणि आत खोल असतात. तीन आठवड्यांत भरत नाहीये असं दिसल्यावर सर्जनना दाखवलं, मेलेली कातडी काढली, कातडी लावावी लागेल का यावर बोलणं झालं, पण पायाचा रक्तपुरवठा बरा निघाला म्हणून थांबायचं ठरलं. होळीच्या सुमारास जखम भरली. फोड दिसला त्याच दिवशी आणलं म्हणून पाय वाचला असं सर्जन म्हणाले आणि मला ते पटतं, डायबेटिसमध्ये टाचेची जखम हाडापर्यंत जायला वेळ लागत नाही.

अजून एक मी मुद्दाम विचारलं होतं, आजींना दुखण्यासाठी औषधाची पट्टी लावलीये का. नव्हती. पण फेंटानिलसारखी कातडीतून औषध सोडणारी पट्टी लावलेल्या माणसाला इलेक्ट्रिक ब्लँकेट किंवा शेक दिला तर औषध एकदम जास्त शोषलं जाऊन श्वास मंदावू शकतो, जीवावर बेततं. कॅन्सरच्या पेशंटना अशा पट्ट्या असतात आणि त्यांना थंडीही फार वाजते, म्हणून ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवा. पेसमेकर असेल तरी आधी डॉक्टरांना विचारायचं.

मग आजींच्या थंडीचं काय, हा प्रश्न उरतोच ना, नुसतं हे वापरू नका सांगून निघून येणं मला जमत नाही. गरम पाण्याची पिशवी पायाशी द्यायची का, तर नाही, बधिर पायाला तीही तेवढीच भाजते. शेगडी खोलीत ठेवायची तर अजिबातच नाही, दार-खिडकी बंद करून कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साईडने माणूस झोपेतच जातो, त्याला वास पण नसतो. आम्ही केलं ते असं, खिडकीच्या फटी बंद केल्या, दिवाण भिंतीपासून हात-दीड हात लांब घेतला, फरशीवर सतरंजी, गादीवर दोन गोधड्या कारण थंडी खालून जास्त चढते, पायात सैल लोकरीचे मोजे ज्यांचं रबर पोटरीत रुतत नाही, डोक्याला कानटोपी. पाय गार लागतात असं आजी म्हणाल्या की सुनेने स्वतःच्या हाताचा मागचा भाग त्यांच्या पायाला लावून बघायचं, आणि तो गरम लागला तर आजींना तसं सांगायचं. आजी सुरुवातीला चिडल्या, मला काय कळत नाही का म्हणाल्या, मग थर्मामीटरवर आकडा दाखवला तेव्हा ऐकलं.

ब्लँकेटचं काय केलं तेही सांगते कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं. वायरमन दादांनी तपासलं, तार कुठे तुटलेली नाही, कापडावर काळा डाग नाही, कंट्रोलर जास्त तापत नाही. नवीनच होतं. (जुनं असतं तर मी टाकूनच द्यायला लावलं असतं. इंग्लंडमध्ये अग्निशमन दलवाले दहा वर्षांवरचं ब्लँकेट बदला असं सांगतात आणि काही भागांत ते फुकट तपासूनही मिळतं, आपल्याकडे तशी सोय नाही, त्यामुळे घेतल्याची तारीख पक्क्या पेनने लेबलवर लिहून ठेवायची.) ते आता मुलगा-सुनेच्या डबल बेडवर आहे, तिथे ते सपाट बसतं, चारही कोपरे बांधलेत, वर फक्त चादर. प्लग बदलून आयएसआय मार्कचा घट्ट बसणारा घेतला, भिंतीतल्या सॉकेटला थेट. उन्हाळ्यात ठेवताना घडी घालून वर गाद्यांचा ढीग नको, सैल गुंडाळून कपाटात सगळ्यात वरती. आणि झोपायच्या अर्धा तास आधी चालू करायचं, अंथरुणात शिरायच्या आधी बंद करून प्लग काढायचा. यात तडजोड नाही असं मी सुनेला दोनदा सांगितलंय, कारण त्यांचा अडीच वर्षांचा मुलगा दोघांच्या मध्ये झोपतो आणि त्याचा अजून रात्रीचा लंगोट सुटलेला नाही.